थांबण्याचा सल्ला

अपत्यप्राप्तीच्या उपचारांसाठी येणाऱ्या दांपत्यांपैकी पत्नीची फाईल जाडजूड असते; पतीची साधी वीर्यतपासणीही पुष्कळदा राहून गेलेली असते. काचीगुडा, सुलतान बाजार परिसरातील आपल्या मराठी घरांतही हे चित्र मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

अशा वेळी महात्मा फुले आठवतात. जोतीराव व सावित्रीबाईंना मूल झाले नाही. आप्तांनी दुसऱ्या विवाहाचा आग्रह धरला, तेव्हा दोष पतीत असल्यास पत्नीलाही दुसरा पती करू द्याल काय, असे जोतीरावांनी विचारल्याचे चरित्रकार नोंदवतात. प्रयोगशाळा नसलेल्या काळातील ही समज! पुढे त्यांनी काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. तो डॉक्टर झाला. १८९७ साली त्याच्याच दवाखान्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना संसर्ग होऊन त्या निवर्तल्या.

मात्र दत्तक मूल हे काही सांत्वनाचे औषध नव्हे. प्रत्येकाला ते सुचवणे मला पटत नाही. काहींना दोघांचेच घर पुरते. कठीण असते ते उपचार थांबवण्याविषयी बोलणे. चार वेळा आयव्हीएफ अयशस्वी झालेल्या एका भगिनींना ‘आता थांबू या’ हे सांगण्याचे धैर्य मला दुसऱ्या भेटीत झाले. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, हे मागच्याच वर्षी सांगायला हवे होते.’’ त्यांचे म्हणणे खरे होते.

पुढल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझ्या पत्नीने त्यांना आवर्जून बोलावले आणि पहिली ओटी त्यांचीच भरली.