लेखनाचें बिऱ्हाड

आमच्या वडील आत्याबाईंनीं सहा वर्षें खपून आपल्या माहेरच्या आठवणी लिहिल्या. भाच्यानें हौसेनें त्यांना एक संकेतस्थळ मांडून दिलें, आणि परगांवच्या नातलगांस तें वाचण्याची गोडी लागली. एके दिवशीं पान उघडेना. जागेचें भाडें थकलें होतें. सूचनापत्रें भाच्याच्या जुन्या, बंद पडलेल्या ई-मेलवर जात राहिलीं होतीं. आणि मुदत टळतांच मालकानें सर्व लेखन पुसून टाकलें होतें. प्रत कोणाजवळच नव्हती. "पुन्हां लिहीन हो," आत्याबाई म्हणाल्या, "पण ज्यांना विचारून लिहिलें, त्यांतलीं निम्मीं माणसें आतां कोठें आहेत?" या प्रसंगानंतर आम्हीं जो विचार केला, तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

संकेतस्थळास दोन निरनिराळ्या वस्तू लागतात. एक त्याचें नांव, म्हणजे डोमेन. दुसरी लेखन ठेवण्याची जागा, म्हणजे होस्टिंग. नांव ही दारावरची पाटी व जागा हें भाड्याचें बिऱ्हाड होय. पाटी आपल्या स्वाधीन असेल, तर बिऱ्हाड बदललें तरी पाहुणा चुकत नाहीं. म्हणून नांव घरांतील कर्त्या माणसाच्या नांवें, व शक्य तर जागेच्या व्यापाऱ्याहून निराळ्या ठिकाणीं नोंदवावें. त्याची वर्गणीही वेळेवर भरावी; भरण्याची तारीख विम्याच्या हप्त्याशेजारीं टिपून ठेवावी.

आतां जागेविषयीं. स्वस्त जागा बहुधा सामायिक असते. एकाच सर्व्हरवर शेंकडों संकेतस्थळें नांदतात. चाळींतील एका बिऱ्हाडीं लग्न निघालें म्हणजे इतरांच्या नळाची धार बारीक होते, तसेंच येथें घडतें. घरगुती लेखनास अशी जागा पुरते. परंतु जाहिरातींतील 'अमर्याद' हा शब्द जपून घ्यावा, कारण मर्यादा करारांत बारीक अक्षरांनीं लिहिलेली असते. पहिल्या वर्षाचा दर अल्प व पुढील वर्षांचा दुप्पट-तिप्पट, हाही प्रकार सर्रास आढळतो; यास्तव दुसऱ्या वर्षाचा दर आधीं विचारावा. '९९.९ टक्के वेळ चालू' या हमीचा हिशेब केला, तर वर्षांत पावणेनऊ तास बंद राहण्याची सोय मालकानें ठेविलेली दिसते. ९९ टक्क्यांत तर साडेतीन दिवसांहून अधिक. हमी मोडल्यास बहुधा भाड्यांत थोडी सूट मिळते. हरवलेलें लेखन मिळत नाहीं. पैसे भरण्यापूर्वीं एखादा प्रश्न विचारून पाहावा. उत्तर किती वेळांत व किती समजूतदार येतें, यावरून पुष्कळ उमगतें.

परंतु उत्तम मालकावरही सर्वस्वीं विसंबूं नये. जिओसिटीज् हें फुकट जागा देणारें एके काळचें विख्यात ठिकाण याहू कंपनीनें १९९९ सालीं विकत घेतलें, आणि २००९ सालीं अमेरिकेंतील त्याचा कारभार बंद केला. १० मार्च २०२१ रोजीं फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथें ओव्हीएच या मोठ्या कंपनीची सर्व्हरची पांच मजली इमारत जळाली. ज्यांच्या प्रतीही तेथेंच होत्या, त्यांतील कित्येकांचें मूळ व प्रत दोन्ही एकदम गेलें. दागिन्यांची यादी दागिन्यांच्याच पेटींत ठेवण्यासारखें हें होय.

म्हणून जागा निवडतांना मुख्य प्रश्न हा, कीं येथून आपलें लेखन समग्र उचलून नेतां येतें काय? येत असेल, तर दरमहा एक प्रत उतरवून घरच्या संगणकावर व एक घराबाहेर ठेवावी. वर्षांतून एकदां ती प्रत दुसरीकडे उघडून पाहावी. देवनागरी लेखनाच्या बाबतींत हें विशेष अगत्याचें आहे. अक्षरांची सांकेतिक व्यवस्था चुकली, तर शब्दांच्या जागीं प्रश्नचिन्हांच्या रांगा उमटतात, आणि नुसत्या फाइलीच्या आकारावरून तें कळत नाहीं.

आत्याबाईंनीं पुन्हां लिहावयास घेतलें आहे. निम्मेंच होईल असें त्या म्हणतात. दर संकष्टीस प्रत उतरविण्याचें काम धाकट्या पुतणीकडे आहे, आणि प्रत पाहिल्यावांचून आत्याबाई चंद्रोदयाचें ताट वाढूं देत नाहींत.