रिकामे रॅक, भरलेले आकडे

विक्री, साठा, खर्च, येणी यांची विखुरलेली माहिती एका ठिकाणी आणायची, ती ताडून पाहायची आणि पुढचं पाऊल त्यावरून ठरवायचं, या पद्धतीला बिझनेस इंटेलिजन्स म्हणतात. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५८ साली याच नावाच्या व्यवस्थेवर शोधनिबंध लिहिला होता. हवी ती माहिती हव्या त्या माणसापर्यंत आपोआप पोचावी, ही त्यांची कल्पना. आज या विषयाची चर्चा निघाली की ती लगेच डॅशबोर्डवर, रंगीत आलेखांवर जाते. निर्णयाचं बरंवाईट मात्र त्याच्या कितीतरी आधी ठरून गेलेलं असतं. माहिती कोणी भरली, किती घाईत भरली आणि त्या आकड्यावर भरणाऱ्याचं स्वतःचं काय अवलंबून होतं, हे प्रश्न आलेखाइतकेच महत्त्वाचे आहेत.

अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीची कॅनडातली फजिती या दृष्टीने मुळातून समजून घ्यावी अशी आहे. जानेवारी २०११ मध्ये कंपनीने तिथल्या झेलर्स या साखळीच्या जागांचे भाडेहक्क सुमारे १८२ कोटी कॅनेडियन डॉलर मोजून घेतले. मार्च २०१३ मध्ये पहिली दुकानं उघडली आणि वर्ष संपेपर्यंत त्यांची संख्या १२४ झाली. अमेरिकेत आकडेशास्त्राच्या जोरावर नाव कमावलेली ही कंपनी; पण कॅनडात तिने नवी संगणक यंत्रणा बसवली आणि हजारो वस्तूंची माहिती त्यात नव्याने भरावी लागली. प्रत्येक वस्तूची लांबी, रुंदी, उंची, एका खोक्यात नग किती, किंमत कोणत्या चलनात, असे कितीतरी रकाने. भरणाऱ्यांत नवखी मुलं बरीच, आणि मुदत डोक्यावर. पुढे तपासणी झाली तेव्हा कुठे सेंटिमीटरच्या जागी इंच निघाले, कुठे लांबीच्या जागी रुंदी, कुठे चलनच चुकलेलं. ‘कॅनेडियन बिझनेस’ मासिकाने २०१६ मध्ये छापलेल्या सविस्तर वृत्तान्तानुसार, यंत्रणेतली जेमतेम ३० टक्के माहिती बरोबर होती. अमेरिकेत हेच प्रमाण ९८-९९ टक्के होतं. वस्तूचं माप चुकलं की ती रॅकवर किती मावेल हा हिशेब चुकतो, मग मागणी चुकते. गोदामं तुडुंब भरली आणि दुकानातले रॅक रिकामे राहिले.

याच वृत्तान्तातली दुसरी गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. दुकानात माल किती टक्के उपलब्ध आहे, यावर मुख्यालयातल्या विश्लेषकांचं काम जोखलं जाई. एखाद्या वस्तूची आपोआप होणारी फेरमागणी बंद केली, की रॅकवर ती नसली तरी यंत्रणा तिला ‘संपलेली’ धरत नसे. काहींनी ही कळ फिरवली. टक्केवारी सुधारली, माल आला नाही. इथे यंत्रात बिघाड नव्हता. ज्या आकड्यावर माणसाची पत ठरते तो आकडा त्याच्याच हाती दिला, तर तो सुधारण्याची सोपी वाट कोणीतरी शोधणारच. अशा माणसाला अप्रामाणिक ठरवून विषय मिटवता येत नाही. ती मोजमापाच्या रचनेतली चूक आहे. जानेवारी २०१५ मध्ये कंपनीने माघार जाहीर केली, तेव्हा १३३ दुकानं बंद होणार होती आणि सुमारे १७,६०० लोकांच्या नोकऱ्या त्यात होत्या.

यावर कोणी म्हणेल, टार्गेट बुडाली ती महाग किमतींमुळे आणि अवाजवी घाईमुळे. ही कारणं खरीच आहेत. पण घाईने नेमकं काय बिघडवलं हे शोधू गेलं, तर वाट पुन्हा त्या रकान्यांपाशीच येते. आणि माहिती धड नसल्यामुळे चूक कुठे होते आहे हेही वेळेत कळेना. दुसरा आक्षेप मुरलेल्या व्यापाऱ्यांचा: आमचा अंदाज पुरेसा आहे, आकडे कशाला? एका दुकानात तो पुरतो. शंभर दुकानांत एकाची नजर पोचत नाही. त्या अनुभवाचं खरं काम आकड्याला उलटा प्रश्न विचारण्याचं आहे. पडदा ‘माल आहे’ म्हणत असताना रॅक रिकामा दिसतो, हे दुकानातल्या माणसाला आधी कळतं. त्याचं म्हणणं वर पोचवणारी वाट नसेल, तर महागडी यंत्रणाही आंधळीच राहते.

तिसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: शंभर टक्के अचूक माहिती कोणाकडेच नसते, तिची वाट पाहिली तर निर्णयच होणार नाही. मान्य. पण सगळीच माहिती सारख्या काटेकोरपणाने तपासायला नको. हातातला निर्णय कोणत्या दोन-तीन रकान्यांवर उभा आहे ते ओळखावं, त्यातल्या पन्नासेक नोंदी काढून प्रत्यक्ष वस्तूशी ताडाव्यात, चूक किती निघते ते निर्णय घेणाऱ्याच्या समोर ठेवावं. याला नवं सॉफ्टवेअर लागत नाही. जुलै २०१७ पासून जीएसटीमुळे आपल्याकडच्या मध्यम व्यापाऱ्याचीही बिलं संगणकात आली आहेत, त्यामुळे हे त्यालाही जमण्यासारखं आहे. मार्चअखेरीस गोदामातला माल मोजल्यावर टॅलीतल्या साठ्याशी जो फरक निघतो, तो एका नोंदीने जुळवून टाकण्याआधी वस्तूवार लिहून काढावा: कोणत्या मालात फरक आला, मागच्या वर्षी त्याच मालात होता का, आणि त्याची आवक कोण नोंदवतं.