फुकटचा डाव परवडतो कसा?

पनवेलहून मुंबईला जाणाऱ्या लोकलमध्ये सुमारे सव्वा तास काढायचा असतो. पूर्वी एवढ्या वेळात पत्त्यांचे दोन-तीन डाव सहज होत. आता चौघांच्या मध्ये एक मोबाइल असतो आणि पडद्यावर लाल, हिरव्या, निळ्या, पिवळ्या सोंगट्या एकमेकींच्या मागे धावत असतात. हा लुडो कोणी विकत घेतलेला नसतो, त्याला वर्गणीही नसते. मग विद्यार्थी मित्रांनो, तो बनविणाऱ्यांचा पगार कोण देतो?

प्रश्न अगदी शेजारचा आहे. ‘लुडो किंग’ हा खेळ २०१६ साली नवी मुंबईच्या ‘गेमशन टेक्नॉलॉजीज’ या कंपनीने काढला. विकाश जयस्वाल यांनी ही कंपनी २०१० मध्ये सुरू केली होती. खेळ मात्र मुळात नवा नाही. आपल्या पचिशीवरून इंग्रजांनी लुडो बेतला आणि १८९६ साली इंग्लंडमध्ये त्याचे पेटंटही घेतले. फत्तेपूर सिक्रीच्या अंगणात फरशीवर आखलेला पचिशीचा पट आजही पाहायला मिळतो.

‘फुकट’ या शब्दाला आपण बिचकतो, पण तशी ही रीत जुनीच आहे. विविध भारतीवर १९६७ साली जाहिराती सुरू झाल्या. गाणी ऐकणाऱ्याने गाण्यांचे पैसे दिले नाहीत. ते साबणवाल्याने आणि तेलवाल्याने दिले. फुकटच्या खेळाचा पहिला आधारही जाहिरातच आहे.

आता थोडे गणित करू. यातले आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत, कोणा कंपनीच्या वहीतले नव्हेत. समजा, एक खेळाडू दिवसाला ५ जाहिराती पाहतो आणि हजार जाहिराती दाखविल्याबद्दल जाहिरातदार ४० रुपये देतो. म्हणजे एका जाहिरातीचे ४ पैसे आणि एका खेळाडूचे दिवसाला २० पैसे झाले. हसू आले ना? पण खेळाडू १० लाख असतील, तर हेच २० पैसे रोजचे २ लाख रुपये होतात.

जमेची बाजू अशी चिमूटभर असल्यामुळे खर्चाची बाजूही चिमूटभरच असावी लागते. खरी गंमत येथे आहे. चौघे चार गावी बसून खेळत असतील, तर मध्ये एक पंच लागतो. फासा किती पडला आणि कोणाची सोंगटी मेली, हे ठरवून सर्वांना कळविणारा, रात्रंदिवस चालू असलेला संगणक म्हणजे हा पंच. त्याला सर्व्हर म्हणतात. त्याचे भाडे त्याच्यावर किती काम पडते त्यावर ठरते.

लुडोच्या एका डावात फासा साधारण ३०० वेळा पडतो असे धरू. प्रत्येक वेळी १०० बाइटचा निरोप धाडला, तरी एका खेळाडूकडे अख्ख्या डावात ३० हजार बाइट, म्हणजे ३० किलोबाइट जातात. आता पळापळीचा, गोळीबाराचा खेळ घ्या. तेथे कोण कोठे उभा आहे हे सेकंदाला ३० वेळा कळवावे लागते. प्रत्येक निरोप ५०० बाइटचा धरला, तर सेकंदाला १५ किलोबाइट झाले. २५ मिनिटांच्या म्हणजे १५०० सेकंदांच्या डावात २२,५०० किलोबाइट! लुडोच्या साडेसातशे पट. शिवाय अशा खेळात निरोपाला पाव सेकंद उशीर झाला तरी खेळाडू वैतागतो. लुडोत तो तेवढ्यात खिडकीबाहेर पाहून घेतो. साध्या खेळाला जाहिरात पुरते आणि भपकेबाज खेळाला पुरत नाही, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

पण नुसता खर्च कमी असून भागत नाही. पनवेलच्या वडाळे तलावाचा विचार करा. पावसाचे पाणी येते, उन्हाने व झिरपण्याने जाते; पातळी या दोहोंवर ठरते. खेळाचेही तसेच. रोज नवे लोक येतात आणि रोज जुने कंटाळून जातात. जाहिरात करून एक नवा खेळाडू आणायला समजा ५ रुपये पडले. तो दहा दिवस टिकला तर त्याच्यापासून २ रुपये मिळाले, म्हणजे ३ रुपयांचा तोटा. तीस दिवस टिकला तर ६ रुपये. खर्च निघून एक रुपया हाती लागला. यावर दोन उपाय आहेत. एक तर खेळाडू जास्त दिवस टिकवायचा, नाही तर तो फुकट आणायचा. लुडोला दुसरा उपाय आयताच साधतो, कारण एकट्याने खेळण्यात मजा नाही. एक जण तिघांना बोलावतो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि घरोघरचे लोक लांबच्या आत्या-मामांबरोबर लुडो खेळू लागले. तेव्हा लुडो किंगचे खेळाडू भराभर वाढले ते असेच.

उत्पन्नाचा दुसरा झरा म्हणजे खेळातली खरेदी : नाणी, नव्या तऱ्हेचे फासे, पोशाख. येथे एक चमत्कारिक गोष्ट दिसते. बहुतेक खेळांत शंभरातले दोन-चार जणच पैसे देतात आणि बाकीचे त्यांच्या जिवावर खेळतात. मग फुकट्यांना ठेवायचे कशाला? कारण ते नसतील तर पैसे देणाऱ्याला प्रतिस्पर्धी कोठून मिळणार! मैदान भरलेले दिसले तरच खेळ रंगतो. या पैशांतूनही अ‍ॅप विकणारी बाजारपेठ आपली अडत कापून घेते. गुगल व अ‍ॅपल यांनी ती वर्षानुवर्षे शेकडा ३० घेतली. लहान कंपन्यांसाठी २०२१ पासून १५ केली.

वस्तू विकण्यातही दोन प्रकार आहेत. नुसता पोशाख विकला तर डावाला धक्का लागत नाही. जिंकण्याची ताकद विकली, तर फुकट खेळणारे चिडून निघून जातात आणि तलाव आटतो. म्हणून शहाणी कंपनी पोशाखावर थांबते. सगळ्याच शहाण्या नसतात. समजा, पोशाखाची किंमत १३० रत्ने आहे, पण रत्ने मिळतात ११० च्या पुडीत. दोन पुड्या घ्याव्या लागतात आणि ९० रत्ने उरतात; ती वाया जाऊ नयेत म्हणून पुन्हा एक पुडी! रुपयांऐवजी रत्ने मोजायला लावली की खर्चाचा हिशोब डोक्यात राहत नाही. माझ्या मते ही युक्ती गणिताच्या तासालाच शिकवावी.

आत काय आहे ते न सांगता विकलेली पेटी हा आणखी एक प्रकार. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा काही पेट्यांना जुगार ठरविले. ‘फोर्टनाइट’ काढणाऱ्या एपिक कंपनीने २०२२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत ५२ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. मुलांची माहिती परवानगीवाचून गोळा करणे आणि फसव्या बटणांनी नको ती खरेदी करायला लावणे, असे आरोप तिच्यावर होते. आपल्याकडे २०२३ च्या माहितीसंरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवून त्यांना बेतून जाहिराती दाखवण्यास मनाई करणारी तरतूद आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. साधा लुडो त्यात येत नाही. पण मुलांना बेतलेल्या जाहिरातीचा भाव चांगला येतो, आणि तीच गेली तर आपल्या उदाहरणातले २० पैसे कदाचित १० होतील. मग ५ रुपयांना आणलेला खेळाडू किती दिवस टिकावा लागेल, ते काढून पाहा.

शिक्षकांना वर्गात हा प्रयोग सहज करता येईल. घरी खेळणाऱ्या प्रत्येकाने आठवडाभर तीन रकाने भरावेत : किती मिनिटे खेळलो, किती जाहिराती पाहिल्या, किती वेळा ‘विकत घ्या’चे बटण समोर आले. हरल्यावर ते जास्त वेळा येते की जिंकल्यावर, याची खूण वेगळ्या शाईने करावी. सर्वांचे तक्ते फळ्यावर एकत्र मांडले की खेळ कोणत्या झऱ्यावर जगतो, ते नावानिशी ओळखता येते.