मुंबई ते लंडन : अंतर आणि तास

विमानतळावर सामान चढवणाऱ्या कामगारांत मी पुष्कळ वर्षे संघटनेचे काम केले. विमानात मात्र जन्मात दोनदाच बसलो. तेव्हा आकाशातले सांगण्याचा माझा अधिकार तो किती! पण चळवळीत माणूस एक गोष्ट शिकतो. कोणी ‘इतके तास’ म्हटले, की घड्याळ कोठून कोठपर्यंत धरले ते आधी विचारायचे.

मुंबई ते लंडन सरळ अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. ते भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणा. दोरा पाकिस्तान, इराण, कास्पियन समुद्राचे दक्षिण टोक, कॉकेशसचे डोंगर, युक्रेन, जर्मनी असा जातो. विमानाला मात्र ही वाट मोकळी नसते. युद्धामुळे फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनचे आकाश बंद झाले. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले. दोरा तोच, वाट लांबली.

8 जून 1948 रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून निघाले, ते कैरो व जिनिव्हा येथे थांबत 10 जूनला लंडनला पोचले. आज हाच प्रवास न थांबता साधारण नऊ-दहा तासांचा. पण हातातले घड्याळ येथे फसवते. उन्हाळ्यात लंडन आपल्यामागे साडेचार तास. दुपारी 1 ला निघून तिथल्या संध्याकाळी 6 ला उतरलात, तर पाचच तास लागलेसे वाटते. लागलेले असतात साडेनऊ.

आता वाऱ्याचा हिशेब. दहा-बारा किलोमीटर उंचीवर, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. विमानाचा वेग ताशी 900, वारा 100 धरू. जाताना 800 चा वेग, म्हणजे 9 तास. येताना 1,000 चा, म्हणजे 7 तास 12 मिनिटे. वारा नसता तर दोन्ही मिळून 16 तास. वाऱ्याने जाताना तास नेला, येताना 48 मिनिटेच परत केली! कारण उघड आहे : विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ असते, म्हणून त्याचा मारही जास्त वेळ बसतो. मालकाने कापलेला पगार बोनसात परत दिल्याचे सांगावे, तसलाच हा प्रकार.

वैमानिकाच्या उड्डाणाचे तास विमान उड्डाणासाठी जागचे हलल्यापासून ते अखेर थांबेपर्यंत मोजतात. आपल्याकडे 365 दिवसांत 1,000 तासांची मर्यादा आहे. हजेरी लावून तयारी करण्याचा वेळ त्यात येत नाही. तो कामाच्या वेळेत वेगळा धरतात. आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांची 48 झाली ती 2025 मध्ये.

आणि खाली धावपट्टीलगत उभा असलेला? एकदा लंडनचे विमान तीन तास उशिरा आले. आमची माणसे ट्रॉल्या लावून उन्हात उभी. ठेकेदार म्हणाला, “विमानच नव्हते, मग काम कसले?” आम्ही हजेरीपुस्तक पुढे ठेवले. अकरा महिने भांडलो, तेव्हा दीड तासाची मजुरी मिळाली.