डिस्क ब्रेक जाम झालाय, पण गिऱ्हाईक म्हणतो "गाडी पेट्रोल लय खाते"



गॅरेज टाकलेल्या किंवा टाकायचा विचार असलेल्या भावांसाठी आजचा विषय आहे. व्हिडिओत हात कसा चालतो ते दाखवलं. इथे कारण आणि हिशोब सांगतो.

जुन्या गाडीचं कॅलिपर जाम झालंय असं सांगत कोणी तुमच्या दारात येत नाही. तो म्हणतो, "भाऊ, ॲव्हरेज पडला", "गाडी ओढत नाही", "पुढून वास येते." मग मिस्त्री कार्ब्युरेटर उघडतो, प्लग बदलतो, दोन-तीनशे रुपये घेतो. गिऱ्हाईक आठ दिवसांनी तीच तक्रार घेऊन परत येतो, नाहीतर येतच नाही. दुसरं जास्त वाईट.

म्हणून गाडी आली की आधी डबल स्टँडवर घ्या. पुढचं चाक उचला आणि हाताने फिरवा. पॅड डिस्कला हलकं घासल्याचा आवाज येणारच, तो दोष नाही. पण चाक अर्ध्या फेरीत थांबत असेल तर इंजिनाला हात लावू नका. एक चक्कर मारून या आणि डिस्क प्लेटवर पाण्याचे दोन थेंब टाका. हात लावू नका, चटका बसेल. ब्रेक फारसा न मारताही पाणी चर्रकन उडालं तर ब्रेक धरून राहतोय.

आता आपल्याकडे हे इतकं का होतं ते बघा. अकोला, अमरावती आणि बुलढाण्याचा पूर्णाकाठचा मोठा भाग खारपाण पट्ट्यात येतो. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा इकडच्या भावांना खाऱ्या पाण्याबद्दल मी काय सांगणार! त्याच बोअरच्या पाण्याने गाडी धुतली जाते. पाणी वाळतं, मीठ मागे राहतं. कॅलिपरची बॉडी ॲल्युमिनियमची असते. तिच्यावर पांढरी भुकटी धरते आणि ती ऑइल सीलच्या खाचेत, सीलच्या मागे जमते. सील आतल्या बाजूला ढकललं जातं आणि पिस्टनला आवळून धरतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. पिस्टन मागे ओढायला कॅलिपरमध्ये स्प्रिंग नसते. लिव्हर दाबली की पिस्टन पुढे येतो आणि चौकोनी कडांचं सील थोडं मुरडतं. लिव्हर सोडली की सील सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागे आणतं. तेवढ्या केसभर जागेवरच चाक मोकळं फिरतं. सील आवळलं, कडक झालं किंवा पिस्टनला गंज धरला की ती जागा राहत नाही. दुसरं ठिकाण म्हणजे कॅलिपर ज्यावर सरकतं त्या स्लायडर पिना. ग्रीस वाळलं, रबर फाटलं, पाणी शिरलं की कॅलिपर सरकतच नाही. मग एक पॅड झिजून पत्रा होतो आणि दुसरा नव्यासारखा राहतो. असे पॅड दिसले तर आधी पिना बघा.

कॅलिपर खोलण्याआधी दोन मिनिटांची परीक्षा करा. चाक जाम असतानाच ब्लीडिंग निपल किंचित सैल करा. थोडं ऑइल बाहेर येऊन चाक मोकळं झालं तर दाब आत अडकला होता. म्हणजे दोष वर मास्टर सिलिंडरमध्ये किंवा होजमध्ये आहे. मास्टरमधलं ऑइल परतायचं बारीक छिद्र काळ्या गाळाने बुजलेलं असतं, किंवा लिव्हर पूर्ण मागे येत नसते. निपल सैल करूनही चाक जाम राहिलं तर दोष कॅलिपरमध्ये. ही परीक्षा न केल्यामुळे कितीतरी चांगली कॅलिपर भंगारात गेली असतील आणि गिऱ्हाइकाचे पैसे फुकट गेले असतील.

कॅलिपरच असेल तर आधी बाहेरून घासून धुवा. होज जोडलेली असतानाच पॅड काढा आणि लिव्हर हळूहळू दाबून पिस्टन बाहेर आणा. मधे लाकडाची चिप ठेवा. कम्प्रेसरची हवा शेवटचा उपाय, आणि तीही जपून, कारण पिस्टन गोळीसारखा सुटतो. समोर बोट ठेवू नका. पक्कडीने पिस्टन धरून पिळायचा तर विचारही नको. ओरखडा पडला की पिस्टन गेला.

पिस्टन बाहेर आला की त्यावरून नख फिरवा. सील बसते त्या भागात खड्डा लागला तर पिस्टन नवा. एमरी मारून खड्डा जात नाही, फक्त दिसेनासा होतो. सीलच्या खाचेतली पांढरी भुकटी पितळी किंवा प्लास्टिकच्या टोकाने खरवडा, पण खाचेची कड शाबूत ठेवा. दोन्ही सील नवीनच टाका. जुनं सील परत बसवून वाचलेले शंभर-दीडशे रुपये फार महाग पडतात.

धुण्याबद्दल जरा कडक बोलतो. पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस यातलं काहीही या सीलला लागता कामा नये. रबर फुगतं आणि दुरुस्त केलेला ब्रेक महिनाभरात पुन्हा जाम होतो. ब्रेक क्लीनर वापरा, नाहीतर ताजं ब्रेक ऑइल. सील आणि पिस्टन ताज्या ब्रेक ऑइलने ओले करून अंगठ्याने दाबा. पिस्टन अंगठ्याने आत गेला पाहिजे. हातोडी लागत असेल तर खाच अजून साफ झालेली नाही. पिनांना रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस, होजच्या बोल्टला नवीन तांब्याचे वॉशर.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा धरल्यावर त्याचं प्रमाण किमान १५५ अंश इतकंच आहे. ब्रेक धरून राहिला की डिस्क तापते, ऑइल उकळून वाफ होते आणि लिव्हर एकदम पोकळ जाते. अकोल्यात उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातोच. अमरावती-अकोला रस्ता आता चांगला झालाय, २०२२ मध्ये त्यावर ७५ किलोमीटर डांबरीकरणाचा गिनीज विक्रमही झाला. गाड्या पळतात. तिथे लिव्हर पोकळ जाणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. टाकीच्या झाकणावर लिहिलेलाच ग्रेड टाका, अर्धी उघडी राहिलेली जुनी बाटली नको. पेट्रोलच्या टाकीवर ओलं फडकं टाका, कारण हे ऑइल रंग खातं.

हवा काढून झाली की गाडी हलवण्याआधी लिव्हर कडक होईपर्यंत दाबा. पॅड मागे गेलेले असतात, पहिल्या दाबात ब्रेक लागतच नाही. हे विसरून गाडी थेट समोरच्या भिंतीवर नेणारा मिस्त्री मी पाहिलाय. (तो मीच होतो, शिकाऊ असताना.)

आता पैशाचं. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही टाका. समजा भाडं, वीज आणि पोराचा पगार मिळून महिन्याला १८,००० रुपये जातात. २६ दिवस, रोज ८ तास म्हणजे २०८ तास. पण त्यातले निम्मे तास चहा, सुटे भाग आणायला जाणं आणि "जरा बघून दे नं भाऊ" यात जातात. हाताशी राहिले १०४ तास. एका तासाचा खर्च १७३ रुपये. हे काम दोन तासांचं, म्हणजे ३४६ रुपये तुमचं शटर उघडं ठेवायलाच गेले. आणि आपण मजुरी घेतो १५०, कारण शेजारचा तेवढीच घेतो! १९६ रुपये खिशातून घालून ब्रेक दुरुस्त करून दिला. ५०० घेतले तर १५४ उरतात, तेही तुमची स्वतःची मेहनत न मोजता.

गिऱ्हाईक ५०० का देईल? त्याच्यासमोर चाक फिरवून दाखवा, आधी आणि नंतर. गंजलेला पिस्टन आणि जुनी सील त्याच्या हातात द्या. सामानाचे पैसे वेगळे, मजुरी वेगळी, असं बिल लिहा आणि त्यावर ब्रेक ऑइल बदलल्याची तारीख टाका. साधारण दोन वर्षांनी ते पुन्हा बदलायचं असतं, तेव्हा फोन करायला तुमच्याकडे कारण आहे. हा फोन कापूस-सोयाबीन विकून हातात पैसा आल्यावर करा, पेरणीच्या तोंडावर नको.

काही कामं नाकारावीही लागतील. बोअरमध्येच खोल खड्डे पडलेत, पिस्टनही गेलाय आणि गिऱ्हाईक म्हणतो, "चालवून घे, दिवाळीनंतर पाहू." अशा वेळी अर्धवट काम करू नका. नव्या कॅलिपरचा भाव सांगा, हप्ता द्यायचा असेल तर द्या. भंगारातून आणलेलं कॅलिपर तो स्वतः घेऊन आला तर ते खोलून, नवीन सील टाकूनच बसवा, आणि त्याची मजुरी तीच ५००.

मागच्या चाकाला ड्रम ब्रेक असेल तर तोही त्याच वेळी बघून घ्या. तिथे ब्रेकचा कॅम सुकून अडकतो. वीस मिनिटांचं काम आहे, त्यावर वेगळा व्हिडिओ करतो.