रोंशां चॅपेल
फ्रान्समधील रोमन कॅथलिक पंथाचे एक यात्रास्थान व विसाव्या शतकातील आधुनिक वास्तुकलेची ख्यातनाम वास्तू. मूळ नाव ‘नोत्र-दाम द्यु ओ’ (उंचावरील माउली). पूर्व फ्रान्समध्ये बेलफॉर शहराच्या पश्चिमेस सु. २० किमी. अंतरावर रोंशां हे गाव असून त्याच्या माथ्यावरील बूर्लेमाँ टेकडीवर हे चॅपेल १९५३–५५ मध्ये बांधण्यात आले. त्याचा वास्तुकार ⟶ ल कॉर्ब्यूझ्ये (१८८७–१९६५).

ही टेकडी शतकानुशतके मेरीच्या उपासकांची यात्रेची जागा होती. तेथील पूर्वीचे चॅपेल १९४४ च्या लढाईत तोफांच्या माऱ्याने उद्ध्वस्त झाले. नव्या बांधणीचे काम श्रद्धावान नसलेल्या ल कॉर्ब्यूझ्येकडे सोपविण्यास काही सुधारक धर्मगुरूंनी पुढाकार घेतला; त्यानेही प्रथम अनिच्छाच दर्शविली होती. जून १९५० मध्ये टेकडीवर उभे राहून चारी दिशांची क्षितिजे पाहिल्यावर मात्र त्याने आराखड्यास हात घातला. २५ जून १९५५ रोजी चॅपेलचे उद्‌घाटन झाले.

ही वास्तू छायाचित्रांतून जितकी परिचित आहे, तितकी ती छायाचित्रांतून कळत नाही. तिला एकच अशी दर्शनी बाजू नाही. चढण चढून येणाऱ्यास प्रथम दिसतो तो आग्नेय कोपरा : नौकेच्या नाळीप्रमाणे वर उचललेला, जड काळपट छताखाली शुभ्र भिंतींचा. उत्तरेस दोन मनोरे पाठीला पाठ लावून उभे आहेत. पश्चिमेची भिंत पूर्णतः गवाक्षहीन असून छतावरचे सर्व पाणी तेथील एका पन्हळीतून खालच्या कुंडात पडते. टेकडीवर पाण्याचे दुर्भिक्ष असल्याने ते साठविले जाते. पूर्वेस उघड्यावरील वेदी व प्रवचनपीठ आहे. आत सु. २०० माणसांचीच सोय असल्याने मोठ्या यात्रेच्या दिवशी समोरचे कुरणच सभागृह होते. जुन्या चॅपेलमधून वाचलेली मेरीची मूर्ती पूर्वेच्या भिंतीतील काचेच्या कोनाड्यात ठेवलेली असून प्रसंगानुसार ती आत किंवा बाहेर वळविता येते. म्हणून प्रदक्षिणा घातल्याखेरीज आत शिरू नये, हे येथे अक्षरशः खरे आहे.

बाहेरून जे भरीव भासते ते प्रत्यक्षात पोकळ आहे. छत म्हणजे सु. ६ सेंमी. जाडीची प्रबलित काँक्रीटची दोन कवचे. त्यांमध्ये २ मी.हून अधिक अंतर असून आतील तुळयांची रचना विमानाच्या पंखासारखी आहे. लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर मिळालेल्या खेकड्याच्या कवचावरून ही कल्पना सुचल्याचे वास्तुकाराने सांगितले आहे. दक्षिणेची अवाढव्य भिंत ही काँक्रीटचा सांगाडा, त्यावर धातूची जाळी व जाळीवर फवारलेले सिमेंट अशी आहे. अन्य भिंतींत पडक्या चॅपेलचे दगड वापरले आहेत. मात्र छताचा भार भिंतींतील लपविलेले स्तंभ पेलतात. भिंत व छत यांमध्ये सु. १० सेंमी.ची फट ठेवल्यामुळे आत उभे राहिलेल्यास ते जड, मध्यभागी खाली ओथंबलेले छत प्रकाशाच्या रेघेवर तरंगताना दिसते.

अंतर्भागाचे सारे सामर्थ्य प्रकाशात आहे. दक्षिणेच्या भिंतीतील लहानमोठ्या खिडक्यांची खोली व उतार एकसारखे नाहीत. काही काचा साध्या, काही रंगीत, काहींवर वास्तुकाराने स्वहस्ते चित्रे व मेरीची संबोधने रंगविली आहेत. साध्या काचांतून ढग व झाडे दिसतात. तीन मनोऱ्यांच्या माथ्यांवरून येणारा उजेड भिंतींवरून निथळत खालच्या उपवेदींवर उतरतो. जमीनही टेकडीच्या मूळ उतारास अनुसरून वेदीकडे किंचित कललेली आहे. घाईच्या प्रवाशास यातले थोडेच गवसते. ऊन सरकण्याइतका वेळ येथे बसावे लागते.

बुद्धिनिष्ठ वास्तुकलेच्या पुरस्कर्त्यानेच अशी शिल्पसदृश वास्तू उभारावी, याचा समकालीनांना धक्का बसला. ब्रिटिश वास्तुकार जेम्स स्टर्लिंग याने १९५६ मध्ये हिच्यात बुद्धिवादावरील अरिष्ट पाहिले. रचनेचा सांगाडा झाकला आहे, हा आक्षेप वस्तुस्थितीस धरून आहे. तथापि प्रकाश, पाणी व गर्दी यांचा येथील विचार काटेकोर आहे, हे टीकाकारांनी पुरेसे लक्षात घेतले नाही. याच वर्षांत ल कॉर्ब्यूझ्ये चंडीगढच्या शासकीय वास्तूंचे आराखडे करीत होता.

यात्रास्थान आणि पर्यटनस्थळ या दोन भूमिकांचा मेळ घालणे पुढे कठीण होत गेले. इटालियन वास्तुकार रेंझो प्यानो याने टेकडीच्या उतारात खोदून बांधलेले प्रवेशगृह व क्लॅरिस जोगिणींचा मठ २०११ मध्ये पूर्ण झाला. चढणीवरील पहिल्या दर्शनास बाध येईल, म्हणून या योजनेस जगभरातील वास्तुतज्ज्ञांनी विरोध केला होता. मठात नित्य प्रार्थना चालू राहिल्याने स्थानाचे पावित्र्य टिकेल, असे समर्थकांचे म्हणणे होते. नव्या इमारती माथ्यावरून जवळजवळ दिसत नाहीत. परंतु तिकीटघरातून यात्रेस प्रारंभ होणे कित्येकांना अद्यापि खटकते. जानेवारी २०१४ मध्ये चोरट्यांनी ल कॉर्ब्यूझ्येने रंगविलेली एक काच फोडली. युनेस्कोने २०१६ मध्ये त्याच्या सात देशांतील १७ कृतींचा जागतिक वारसा-सूचीत एकत्रित समावेश केला. त्यांत रोंशांबरोबर चंडीगढचा कॅपिटॉल परिसरही आहे.