परवान्याची बंदूक आहे म्हणून जत्रेत बार काढता येतो का? ३७ (१) आणि (३) चा मनाई आदेश म्हणजे नेमकं काय? जत्रेआधी वाचा

चैत्र लागला की आपल्या सातारा जिल्ह्यात गावोगावी जत्रा सुरू होतात. सासनकाठ्या, छबिना, तमाशा, कुस्त्यांचा फड. पाहुणेरावळे येतात, मुंबई-पुण्याची पोरं गावाला येतात. त्याच दिवसांत मोबाईलवर एक बातमी हमखास येते, 'जिल्ह्यात ३७ (१) व (३) चे मनाई आदेश लागू'. आपण वाचतो आणि अंगठ्यानं वर सारतो.

गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या गावात छबिन्याच्या रात्री एक पोरगा पाहुण्याच्या घरातली तलवार घेऊन नाचला. मित्रांनी व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवला. ना भांडण, ना कुणाला खरचटलं. तरी दुसऱ्या दिवशी दारात पोलिसांची गाडी आली आणि गुन्हा नोंद झाला. पोरगा पोलीस भरतीसाठी पहाटे चारला उठून पळायचा. आता चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मवर हा गुन्हा लिहावा लागणार, म्हणून त्याचा बाप वकिलाकडं हेलपाटे घालतोय. म्हणून यंदा जत्रेच्या आधीच हे सगळं सोप्या भाषेत मांडतोय.

३७ (१) आणि (३) म्हणजे काय?

ही कलमं महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधली आहेत. सण, जत्रा, निवडणूक, आंदोलन अशा वेळी जिल्हादंडाधिकारी कार्यालयाकडून हा आदेश निघतो.

३७ (१) हे वस्तू आणि वागण्याबद्दल आहे. बंदूक, तलवार, भाला, सुरा, काठी, लाठी, दगड, स्फोटक पदार्थ सार्वजनिक ठिकाणी घेऊन फिरायचं नाही. चिथावणीच्या घोषणा, पुतळे जाळणं हेही त्यातच येतं. हा आदेश मोडला तर ४ महिन्यांपासून १ वर्षापर्यंत कैद आणि वर दंड होऊ शकतो.

३७ (३) हे जमाव आणि मिरवणुकीबद्दल आहे. साधारणपणे पाच किंवा जास्त माणसांनी परवानगीशिवाय जमायला आणि मिरवणूक काढायला मनाई असते. लग्न आणि अंत्ययात्रेला बहुतेक आदेशांत सूट असते. पण जत्रेच्या मिरवणुकीला पोलीस ठाण्याची परवानगी घ्यावीच लागते. हा आदेश १५ दिवसांपेक्षा जास्त चालवायला शासनाची मंजुरी लागते. म्हणून दर पंधरवड्याला नवा आदेश निघतो आणि आपल्याला तीच बातमी परत आल्यासारखी वाटते.

माझ्याकडं परवाना आहे, मग मला काय अडचण?

हा गैरसमज लई ठिकाणी आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. लग्न, धार्मिक ठिकाण, सभा-समारंभात आनंदानं हवेत गोळी झाडणं हा आता स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बंदूक परवान्याची असली तरी हे लागू होतं. शिवाय परवाना रद्द होऊ शकतो तो वेगळाच. 'आमच्या मानाचा बार आहे' हे कारण कायद्यात बसत नाही.

बंदुकीचा परवाना कोण देतं?

आपल्याकडं पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळं परवाना जिल्हादंडाधिकारी म्हणजे जिल्हाधिकारीच देतात. वय किमान २१ पूर्ण लागतं. अर्ज गेला की पोलीस ठाण्याकडून चौकशी अहवाल मागवतात. शस्त्र वापरायचं आणि सुरक्षित ठेवायचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं. परवाना ५ वर्षांचा असतो, मुदत संपण्याआधी नूतनीकरण करायचं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात.

पाटण, जावळीकडं रानडुकरांच्या त्रासामुळं काही शेतकऱ्यांकडं पीक संरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक असते. त्यांनी एक लक्षात ठेवावं. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. डुक्कर मारायला वन विभागाची परवानगी वेगळी लागते.

आजोबांची बंदूक माळ्यावर आहे, तिचं काय?

परवानाधारक वारला की त्याच्याबरोबर परवानाही संपतो. सातबाऱ्यासारखी वारस नोंद होऊन बंदूक आपोआप नावावर होत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडं जमा करून पावती घ्यायची आणि वारसानं स्वतःच्या नावानं परवान्याचा अर्ज करायचा. तशीच घरात ठेवली तर ती विनापरवाना बंदूक ठरते. त्याला २ ते ५ वर्षांपर्यंत कैद आहे. आठवण म्हणून ठेवली होती, एवढ्यानं सुटका होत नाही.

यात्रा कमिटीनं काय करावं?

मांढरदेवी आपल्याच वाई तालुक्यातली. २५ जानेवारी २००५ ला तिथं चेंगराचेंगरी झाली आणि २९० पेक्षा जास्त भाविक गेले. नारळाच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या, वाट अरुंद, दोन्ही बाजूला दुकानं. माणसं एकावर एक पडली, पुढं दुकानांना आग लागली. तिथं कुणी बंदूक आणली नव्हती. गर्दीच पुरेशी झाली.

म्हणून कमिटीनं एवढं तरी बघावं:

- पोलीस ठाण्यात अर्ज वेळेत द्या. तारीख, मिरवणुकीचा मार्ग, कार्यक्रम आणि जबाबदार माणसांची नावं त्यात लिहा.
- दर्शनाला आत जायची आणि बाहेर पडायची वाट वेगळी ठेवा.
- पाळणे, खेळण्यांची आणि मिठाईची दुकानं मुख्य वाटेवर लावू देऊ नका. ॲम्ब्युलन्स आत येईल एवढा रस्ता मोकळा पाहिजे.
- नारळ फोडायची जागा पायऱ्यांपासून लांब करा.
- लाईट गेली तर जनरेटर तयार ठेवा. अंधारात माणसं घाबरून पळतात.
- स्पीकरची परवानगी वेगळी घ्या. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकरला बंदी असते, सूट असेल तर ती लेखी घ्या.
- काही झालं तर ११२ नंबर फिरवा.

आणि घरातल्या पोरांना आजच सांगा. वाढदिवसाला तलवारीनं केक कापायचा, कोयता हातात घेऊन रील करायची, हे सगळं पोलीस मोबाईलवरूनच शोधतात. आपणच टाकलेला व्हिडिओ आपल्याच विरुद्ध पुरावा होतो.

आपल्या भागात आत्ता आदेश लागू आहे का आणि त्यात सूट कुणाला आहे, हे जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा पोलीस पाटलांना विचारलं तर समजतं. जत्रेच्या आधीच्या मिटिंगला हा विषय घ्या, आणि ही माहिती गावच्या ग्रुपवर टाका.